दुर्गाप्पाचं अपेंडिक्स

“नाव?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“दुर्गाप्पा भीमाप्पा धोत्रे,” मी म्हणालो.

हे माझं नाव नव्हतं. माझं नाव निनाद खैरमोडे. पण माझ्या उजव्या हाताला हवालदार नदाफ उभे होते, आणि रिक्षात बसल्यापासून त्यांनी हे नाव माझ्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं. भीमाप्पाऐवजी मी भीमराव म्हणालो तेव्हा ते कळवळून म्हणाले होते, “खैरमोडे, निदान बाप तरी नीट सांगा.”

गावाचं नाव सांगत नाही. माझा पासपोर्ट सध्या नूतनीकरणाला पडलेला आहे.

तेव्हाही मी ठाण्यात गेलो होतो तो पासपोर्टच्याच कामाला. मस्कतला एसी दुरुस्तीची नोकरी लागली होती आणि पोलीस पडताळणी अडकली होती. त्यात आमचं ठाणं त्या वर्षी ‘आदर्श’ व्हायच्या मागे लागलेलं. फाटकाशी कुंड्या आल्या होत्या, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू लागला होता, आणि फौजदार इंगवले साहेब पुण्याला मानवी हक्कांच्या कार्यशाळेला जाऊन आले होते. त्यांच्या खुर्चीमागे सहभागाचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं. कार्यशाळेत मिळालेल्या कपातून ते चहा घेत. कपावर एका हातानं दुसरा हात धरल्याचं चित्र होतं. कोण कुणाला धरतंय आणि कशासाठी, ते काही कळत नव्हतं.

आदल्या संध्याकाळपासून माझ्या पोटात दुखत होतं. मी त्याचा दोष स्टँडवरच्या मिसळीला दिला होता. बाकावर बसून बसून कळ वाढली तसा मी संडास शोधत मागे गेलो आणि चुकीचं दार उघडलं. आत जप्त केलेल्या मोटारसायकली होत्या, आणि त्यांच्या मधोमध एक माणूस पडला होता. माझ्याच वयाचा. त्याचे तळपाय माझ्याकडे होते. ते आता पायाच्या मापाचे राहिले नव्हते.

“दादा, पानी,” तो म्हणाला.

माझ्याकडे बाटली होती, ती दिली. त्याला उठून बसता येईना. मीच त्याची मान धरली. तेवढ्यात मागे नदाफ येऊन उभे राहिले. आरडाओरडा नाही, काही नाही. त्यांनी फक्त सांगितलं की हा जिन्यावरून पडला.

ठाण्याला जिना नव्हता. बैठी कौलारू इमारत. मी वर पाहिलं. माझ्याबरोबर नदाफांनीही वर पाहिलं.

“म्हणजे दुसऱ्या जिन्यावरून,” ते म्हणाले.

तो दुर्गाप्पा धोत्रे. गावाबाहेरच्या क्रशरवर दगड फोडायचा. विहिरींवरच्या मोटारी चोरीला जात होत्या, आणि विहिरीच्या वाटेवर त्याचं पाल होतं. एवढा पुरावा साहेबांना पुरला. मोटार काही त्याच्याकडून निघेना, म्हणून मग तो जिन्यावरून पडला. त्याच्या मामानं कुणाच्या तरी हातून मुंबईला मानवी हक्क आयोगाकडे अर्ज धाडला होता, आणि त्या दिवशी सकाळीच वरून निरोप आला होता: आरोपीची आजच्या आज वैद्यकीय तपासणी करा, उद्या कोर्टापुढे हजर करा.

मला हे सगळं तेव्हा माहीत नव्हतं. मला साहेबांनी आत बोलावलं आणि पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. ठाण्यात रिकामा दिसेल त्याला धरून पंच करतात, सही घेतात आणि सोडतात. मला वाटलं तेच असेल. पण साहेबांनी मला शर्ट वर करायला लावला, माझी पाठ पाहिली आणि नदाफांकडे बघून मान हलवली. मग समजावून सांगितलं. दवाखान्यात जायचं, दुर्गाप्पाचं नाव सांगायचं, अंगावर काही नाही हे डॉक्टरला बघू द्यायचं, परत यायचं. संध्याकाळी पडताळणीचा अहवाल रवाना.

मी विचारलं, नाही म्हणालो तर?

“नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे,” साहेब म्हणाले, आणि माझी फाईल उचलून ढिगाच्या सगळ्यात खाली ठेवली. हे कार्यशाळेत शिकवलं असावं.

तर अशा रीतीनं मी डॉक्टर तन्वी कुलथे यांच्यासमोर शर्ट काढून उभा होतो. बाई तरुण होत्या, नाशिककडच्या, सरकारी सेवेच्या बाँडवर आलेल्या, केस गॉजच्या पट्टीनं बांधलेले. आरोपी म्हणून आणलेल्या माणसाकडे त्यांनी चांगलं निरखून पाहिलं. पाठ, दंड, मांड्या, तळपाय. अंगावर ओरखडा नाही म्हणाल्या. नदाफ नम्रपणे म्हणाले, आमच्या ठाण्यात असंच असतं मॅडम.

“झोप इथं,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी माझं पोट दाबलं.

दाबलं तेव्हा मी गप्प राहिलो. सोडलं तेव्हा जो ओरडलो, त्यानं बाहेरच्या रांगेतलं एक तान्हं पोर रडायला लागलं.

अपेंडिक्स होतं. फुटायला आलेलं. आजच काढायला हवं. नदाफांनी विचारलं, परवा काढलं तर चालेल का. बाई म्हणाल्या, परवापर्यंत हा राहिला तर चालेल.

आता मात्र मी विचार केला. दुसऱ्याच्या नावानं शर्ट काढणं वेगळं आणि दुसऱ्याच्या नावानं पोट फाडून घेणं वेगळं.

“मॅडम, मी दुर्गाप्पा नाही,” मी म्हणालो. “मी निनाद खैरमोडे. खरा दुर्गाप्पा ठाण्यात पडलाय, त्याला चालता येत नाही.”

बाईंनी नदाफांकडे पाहिलं.

“असंच चाललंय त्याचं,” नदाफ म्हणाले. “काल म्हणत होता, मी तहसीलदार आहे.”

बाईंनी माझा ताप पाहिला. ताप होता. मी बोललो ते सगळं त्या तापाच्या खात्यात गेलं. माझं पाकीट आणि मोबाईल नदाफांच्या खिशात होते. मी कोण आहे हे सांगणारं माझ्याकडे फक्त तोंड होतं, आणि आरोपीचं तोंड कुणी खरं धरत नाही.

मला वॉर्डात खाटेवर टाकून बाई सर्जनला फोन करायला गेल्या. पडद्यापलीकडे नदाफ इंगवले साहेबांना फोन करत होते. त्यांचा आवाज हळूहळू रडवेला होत गेला. त्यांचं म्हणणं असं: हा टेबलावर गेला तर कोठडीतला मृत्यू होणार. तो दुर्गाप्पाचा होणार. मग दुर्गाप्पा तर ठाण्यात जिवंत. म्हणजे मेलेल्या आरोपीला आपण उद्या कोर्टात उभा करणार का? आणि खैरमोडेचे आईबाप विचारत आले तर त्यांना काय सांगायचं, तो मस्कतला गेला? पलीकडून साहेब काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. नदाफ एवढंच म्हणाले, “साहेब, मला शुगर आहे. तुम्हीच या.”

मग वॉर्डबॉय दारात जाऊन ओरडला, दुर्गाप्पा धोत्रेचे नातेवाईक कोण आहेत, ऑपरेशनच्या कागदावर सही पाहिजे.

नातेवाईक होते. दुर्गाप्पाची आई नागव्वा दोन दिवस ठाण्यासमोर बसून होती. तिला आत सोडत नव्हते. पोराला दवाखान्यात नेलं असं कुणीतरी सांगितलं म्हणून ती रिक्षाच्या मागं चालत आली होती. बुटकी बाई, लुगड्यावर खडीचा पांढरा धुरळा, हाताच्या रेघांतसुद्धा तोच. ती घाईघाईनं पडदा सारून आत आली आणि थांबली.

नदाफांनी डोळे मिटून घेतले. मी सुटलो असं मला वाटलं. आई आहे, ती सांगेल की हा माझा पोरगा नाही. तेवढ्यात डॉक्टरबाईही परत आल्या होत्या.

“हा तुमचा मुलगा ना?” बाईंनी विचारलं.

नागव्वानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे, मग पायांकडे, मग नदाफांकडे. नदाफांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे जरा जास्तच वेळ.

“व्हय,” ती म्हणाली. “माझाच हाय.”

बाई ऑपरेशनची तयारी बघायला गेल्या. मी नागव्वाकडे बघत राहिलो. ती खाटेशी बसली, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि ओठ न हलवता विचारलं, “माझा कुटं हाय?”

“ठाण्यात. मागच्या खोलीत.”

“चालतोय?”

मी नकारार्थी मान हलवली. तिनं कपाळावरचा हात काढला नाही, फक्त तो जरा जड झाला.

इंगवले साहेब आले. साध्या कपड्यांत, त्यामुळे एखाद्या पेशंटचे मेहुणे वाटत होते. त्यांनी नागव्वाला समजुतीच्या सुरात सांगितलं, मावशी, अंगठा उठवा, पोराचा जीव वाचेल. मला त्यांचं कौतुक वाटलं. मी तिचा पोरगा नाही हे तिला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तरी ते मनापासून बोलत होते.

“उठवते की,” नागव्वा म्हणाली. “पर सायब, एक इचारू का? तुमचा आरोपी ह्यो हितं निजलाय. डाक्टरीणबाईनं लिवलं, तुमी लिवलं, म्या बी सांगितलं. मंग ठान्यात मागल्या खोलीत पडलाय, त्यो कोन?”

साहेबांनी पडदा नीट ओढून घेतला.

“कुनीच न्हाई ना? त्येचा कागुद न्हाई, गुन्हा न्हाई, नाव बी न्हाई. मंग त्या कुनी न्हाईला हितं आना. डाक्टरीणबाईला पाय बघू द्यात. मंग अंगठा देते.”

“आणि नाही आणला तर?”

“तर ह्यो मरंल,” नागव्वा माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाली. “तुमच्या ताब्यात.”

मला मरायचं नव्हतं हे कुणी विचारातच घेत नव्हतं. पण एवढं चांगलं चाललं असताना मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं, आणि बोलण्याइतका दमही नव्हता. साहेब बराच वेळ खाटेच्या लोखंडी दांड्यावरचा रंग नखानं काढत उभे राहिले. मग नदाफांना म्हणाले, आणा त्याला. गाडी घसरून पडला म्हणून दाखल करा.

कुठल्या नावानं, असं नदाफांनी विचारलं. दवाखान्यात आधार कार्ड लागतं.

ठाण्यात एका आधार कार्डाची झेरॉक्स होती. पासपोर्टच्या फाईलमध्ये.

मला शस्त्रक्रियेला नेताना समोरून दुसरं स्ट्रेचर आलं. त्यावर दुर्गाप्पा होता. वॉर्डबॉय दुसऱ्या वॉर्डबॉयला ओरडून सांगत होता, हा खैरमोडे, याला दोन नंबरच्या खाटेवर घे. मी स्वतःला समोरून जाताना पाहिलं. माझी अवस्था फार वाईट होती.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा आम्ही शेजारी शेजारी होतो. माझ्या पोटाला टाके, त्याच्या पायांना बँडेज. मधल्या स्टुलावर नागव्वा. डॉक्टर कुलथे राउंडला आल्या, त्याच्या पायांपाशी थांबल्या, मग माझ्यापाशी.

“मला काल एक जण म्हणाला, मी निनाद खैरमोडे,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळी निनाद खैरमोडे आलाच. गाडीवरून पडलेला. गाडीवरून पडणारा माणूस गुडघे फोडून घेतो, कोपरं फोडून घेतो. फक्त तळपायांवर पडलेला मी अजून पाहिला नाही.”

नागव्वानं माझं पांघरूण सारखं केलं. त्यांनी आग्रह केला नाही. फक्त सांगितलं की आरोपी कोर्टात जाण्याच्या अवस्थेत नाही असं त्यांनी कळवलंय, तेव्हा न्यायाधीश साहेबच वॉर्डात येतील.

त्या गेल्यावर नागव्वानं बेत सांगितला. तो बिनचूक होता. न्यायाधीश विचारतील तेव्हा मी दुर्गाप्पा म्हणून राहायचं. माझ्या अंगावर मार नाही, घरात मोटार नाही, आजारी माणूस, जामीन मिळेल. तोवर पाय बरे झाले की खरा दुर्गाप्पा खैरमोडे म्हणून घरी जाईल. मग मी माझा, तो त्याचा. इंगवले साहेबही सकाळी डोकावून गेले होते आणि त्यांचाही बेत नेमका हाच होता. वर माझा अहवाल टाईप होऊन सहीला तयार आहे असं त्यांनी खिशातला कागद काढून दाखवलं. पोलीस आणि आरोपीची आई यांचं एकमत झालेलं मी त्यानंतर कधी पाहिलं नाही. मी हो म्हणालो. ताजे टाके असताना माणूस वाद घालत नाही.

दुर्गाप्पा मात्र पंख्याकडे बघत पडला होता. एकदाच त्यानं मला विचारलं, मस्कतला दगड असतो का. मी म्हणालो, असेल. तो म्हणाला, “मंग मानसं बी असत्याल.” याच्यापुढे आमचं बोलणं गेलं नाही.

दुपारी न्यायाधीश आले. नाकाला रुमाल, बरोबर कारकून. इंगवले साहेब गणवेशात, इस्त्री कडक. नदाफ दाराशी. डॉक्टरबाई भिंतीला टेकून. नागव्वा स्टुलावरून उठून माझ्या खाटेशी येऊन उभी राहिली, माझ्या आईसारखी.

“नाव?” न्यायाधीशांनी मला विचारलं.

मी तोंड उघडलं. नाव पाठ होतं, बापासकट.

“दुर्गाप्पा भीमाप्पा धोत्रे.”

आवाज माझा नव्हता. न्यायाधीश वैतागून वळले आणि म्हणाले, मी याला विचारतोय.

“त्येचं नाव ते न्हाई सायब,” दोन नंबरच्या खाटेवरून दुर्गाप्पा म्हणाला. “माझं हाय.”

“ताप हाय त्याला,” नागव्वा घाईनं म्हणाली.

“ताप नाही,” डॉक्टर कुलथे म्हणाल्या.

नागव्वा पोराकडे धावली. त्याच्या तोंडावर हात ठेवायला गेली. त्यानं तो हळूच बाजूला केला आणि कोपरावर उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही, तेव्हा पडल्या पडल्याच पांघरूण पायांवरून ओढून काढलं.

“आये, मला गप बसवू नगं,” तो म्हणाला. “मार म्या खाल्लाय. त्येच्या नावावर का म्हनून लिवायचा?”

कारकुनाचं पेन हवेत राहिलं. न्यायाधीशांनी रुमाल खिशात ठेवला, पायांजवळ गेले, पाहिलं, आणि परत माझ्याकडे आले.

“मग तुम्ही कोण?”

मी इंगवले साहेबांकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते, साधारण मस्कतच्या दिशेला. त्यांच्या वरच्या खिशातून माझ्या अहवालाचं टोक दिसत होतं. कडक पांढरं.

“निनाद खैरमोडे,” मी म्हणालो. “पासपोर्टच्या कामाला आलो होतो.”

न्यायाधीश खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, पहिल्यापासून सांगा. मी सांगितलं. मिसळ, चुकीचं दार, मोटारसायकली, पाणी, रिक्षातला पाढा. जिन्याचं सांगितलं तेव्हा साहेब खिडकीतून वळले आणि शांतपणे म्हणाले की हा मुलगा ठाण्याची बदनामी करतोय. आरोपी जिन्यावरूनच पडला, स्टेशन डायरीत तशी नोंद आहे.

“ठाण्याला जिना आहे का?” न्यायाधीशांनी विचारलं.

साहेबांनी जो विचार केला, तो नसलेला जिना चढून वर जाऊन खाली येण्याइतका लांबला.

“नाही साहेब,” दाराशी आवाज आला. नदाफांनी टोपी काढून हातात घेतली होती. “बैठी इमारत आहे. अकरा वर्षं आहे मी तिथं. आम्हाला कौलांवर चढायचं तरी शेजारच्या गिरणीतून शिडी आणावी लागते.”

कारकुनानं शिडीसुद्धा लिहून घेतली.

नागव्वा पोराच्या पायांशी खाली बसली होती. तिनं आधी त्याला शिव्या दिल्या, सगळा बेत मातीत घातलास म्हणून. मग बँडेजवर हात न टेकवता, वरचेवर, हवेतच हात फिरवत राहिली.

इंगवले साहेब निलंबित झाले. काही काळानं परत कामावर घेतले गेले. आता ते एका प्रशिक्षण केंद्रात शिकवतात. विषय सांगत नाही. नदाफांची बदली लांबच्या ठाण्यात झाली. मला वाटतं तिथे जिना आहे. मोटारी पुढे एका बागायतदाराच्या मेहुण्याच्या गोठ्यात सापडल्या आणि दुर्गाप्पा त्या गुन्ह्यातून सुटला. तो चालतो, पण टाचा टेकत नाही. दगडाचं काम सोडून त्यानं पंक्चरचं दुकान टाकलंय.

मस्कतची जागा दुसऱ्याला गेली. दवाखान्याच्या दप्तरात माझं अपेंडिक्स अजून माझ्याजवळच आहे आणि दुर्गाप्पाचं काढलेलं आहे. दुरुस्तीसाठी अर्ज केला, तर पुराव्यादाखल अपेंडिक्स सादर करा असं उत्तर आलं. पुढे उशिरा का होईना पासपोर्ट मिळाला, मी दोहाला जाऊन आलो, आणि आता त्याची मुदत संपली.

परवा पडताळणीला नवा शिपाई घरी आला. पोरसवदा, पुष्कळ नम्र. ओळखणारी दोन माणसं लागतील म्हणाला. मी त्याला पंक्चरच्या दुकानावर नेलं. दुर्गाप्पानं सही केली, तळहात पुसून. दुसरं माणूस म्हणून नागव्वाला बोलावलं. तिला आता नीट दिसत नाही. तिनं माझं तोंड हातानं चाचपलं.

“आजी, यांना ओळखता का? कसे ओळखता?” शिपायानं विचारलं.

“ह्यो माझा ल्योक हाय,” नागव्वा म्हणाली.

शिपायानं माझ्या कागदावरचं आईचं नाव पाहिलं, मग तिच्याकडे, मग माझ्याकडे. ती थट्टा करत होती असं ती आता सांगेल म्हणून मी थांबलो. दुर्गाप्पा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता.

पासपोर्ट अजून आलेला नाही.